फॅनफिल्म काढायची आहे? आधी मालक कोण ते शोधा

शॉर्टफिल्म शिकायला येणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "सर, यातून आम्ही एक रुपयाही कमावणार नाही. मग आम्हाला कोण कशाला अडवेल?" विचारणाऱ्याच्या मनात लहानपणापासून पाहिलेली एखादी मालिका असते, एखादा सुपरहिरो असतो, आणि त्या जगात आपलीही एक गोष्ट घडावी ही मनापासूनची इच्छा असते. ती इच्छा मला कधीच चुकीची वाटली नाही. फॅनफिल्म, म्हणजे दुसऱ्याच्या कथाविश्वावर चाहत्यांनी काढलेली फिल्म, ही दिग्दर्शन शिकण्याची फार चांगली शाळा आहे. जग तयार असतं, माणसं ओळखीची असतात, त्यामुळे सगळं लक्ष दृश्य उभं करण्यावर देता येतं.

उत्तर मात्र त्यांना हवं तसं नसतं. पैसे कमावले नाहीत तर कॉपीराइटचा भंग होत नाही, असं आपला कायदाही म्हणत नाही आणि अमेरिकेचाही म्हणत नाही. आज यूट्यूबवर शेकडो फॅनफिल्म दिसतात त्या बहुतेक मालकाने डोळेझाक केली म्हणून तिथे आहेत. ही मुभा आहे, आणि दिलेली मुभा उद्या काढून घेता येते. खालच्या सगळ्या पायऱ्या हे गृहीत धरूनच लिहिल्या आहेत. मी वकील नाही. संकलनाच्या टेबलावर आणि अशा नोटिशी निस्तरताना जे शिकलो ते सांगतो आहे. प्रत्यक्ष नोटीस आली की वकिलाकडेच जा.

पायरी १: अ‍ॅक्सनारची हकिगत नीट समजून घ्या

या विषयात एकच प्रकरण अभ्यासायचं असेल तर हे अभ्यासा. अ‍ॅलेक पीटर्स हे 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेचे जुने चाहते. १९६९ साली मूळ मालिकेच्या एका भागात गार्थ नावाचा कॅप्टन येऊन गेला होता. त्याने गाजवलेल्या अ‍ॅक्सनारच्या लढाईचा त्यात नुसता उल्लेख होता. ती लढाई पडद्यावर आणायची, असं पीटर्स यांनी ठरवलं. लोकवर्गणीतून एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमली आणि २०१४ मध्ये 'प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार' ही २१ मिनिटांची फिल्म आली. युद्धात लढलेली माणसं कॅमेऱ्यासमोर आठवणी सांगताहेत, अशी माहितीपटासारखी तिची मांडणी होती. तिच्यात व्यावसायिक नट होते, त्यातले काही तर 'स्टार ट्रेक'च्याच मालिकांमध्ये काम केलेले. फिल्म देखणी झाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

त्यानंतर पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पुन्हा वर्गणी मागितली गेली. दोन मोहिमांत मिळून दहा लाख डॉलरच्या पुढे रक्कम गेली. लॉस एंजेलिसजवळ स्टुडिओसाठी जागा घेतली गेली. तोवर कितीतरी वर्षं चाहत्यांच्या फिल्मकडे काणाडोळा करणाऱ्या पॅरामाउंट आणि सीबीएस या दोन्ही कंपन्यांनी २९ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा दाखल केला. भंग झालेल्या प्रत्येक कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागितली होती. अमेरिकी कायद्यात जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी ठरलेली ती कमाल मर्यादा आहे.

बचावपक्षाने आधी विचारलं, नेमकं काय उचललं ते तर सांगा. त्यावर कंपन्यांनी दुरुस्त दावा आणला आणि त्यात लांबलचक यादीच जोडली: परग्रहावरच्या व्हल्कन लोकांचे टोकदार कान, गणवेश, अंतराळयानांची घडण, ग्रहांची नावं, माणसाला क्षणात इथून तिथे नेणारं यंत्र, अगदी 'स्टार ट्रेक'साठी घडवलेली क्लिंगॉन भाषासुद्धा. भाषेवर मालकी सांगता येते का, या प्रश्नावर कृत्रिम भाषा घडवणाऱ्यांची एक संस्था कोर्टापुढे आली आणि तिने आपल्या निवेदनात क्लिंगॉन वाक्यंही घातली. तो मुद्दा निकाली निघालाच नाही, पण माझ्यासारख्या भाषाप्रेमी माणसाला त्याचं कुतूहल आजही आहे.

३ जानेवारी २०१७ रोजी न्यायाधीश गॅरी क्लॉसनर यांनी 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगी नसली तरी वापर उचित होता असा, बचाव फेटाळला. त्यांच्या विवेचनातली एक गोष्ट प्रत्येक नवख्याने मनात कोरून ठेवावी. चाहत्यांच्या जगात ज्याचा अभिमान बाळगला जातो, म्हणजे मूळ कथाविश्वाशी तंतोतंत इमान राखणं, बटणापासून बुटापर्यंत सगळं हुबेहूब करणं, तेच कोर्टात विरुद्ध गेलं. तुम्ही जितक्या प्रेमाने आणि बारकाईने नक्कल कराल, तितका 'घेतलं' याचा पुरावा पक्का होतो. फिल्म फुकट दाखवणार होतो, हाही बचाव टिकला नाही. वर्गणी आणि त्या लोकप्रियतेतून होणारा अप्रत्यक्ष लाभ कोर्टाने विचारात घेतला.

प्रकरण ज्यूरीपुढे जाण्याआधी, २० जानेवारीला तडजोड झाली. मोठ्या चित्रपटाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोनच भाग करायचे, त्यांच्यासाठी जाहीर वर्गणी मागायची नाही, यूट्यूबवर जाहिराती लावायच्या नाहीत. ज्या हजारो लोकांनी पूर्ण चित्रपटासाठी पैसे दिले होते, त्यांच्या हाती तो चित्रपट आलाच नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते त्यांचं.

पायरी २: मालक शोधा, आणि एकच मालक आहे असं धरून चालू नका

वरच्या दाव्यात दोन कंपन्या का होत्या? कारण तेव्हा मालिकांचे हक्क सीबीएसकडे आणि चित्रपटांचे पॅरामाउंटकडे होते. अशी फाळणी सगळीकडे सापडते. पुस्तकाचे हक्क लेखकाच्या वारसांकडे, चित्रपटाचे निर्मात्याकडे, गाण्यांचे म्युझिक कंपनीकडे, नावाचा आणि बोधचिन्हाचा ट्रेडमार्क चौथ्याच कुणाकडे असू शकतो.

मराठीतलं उदाहरण घ्या. फास्टर फेणेवर फिल्म करायची असं तुम्ही ठरवलंत. मूळ पुस्तकं भा. रा. भागवतांची, आणि २०१७ मध्ये त्यावर चित्रपटही आला. तुमचा बन्या पुस्तकातला आहे की चित्रपटातला, यावर कुणाचं दार वाजवायचं ते ठरतं. पुस्तकातला असेल तर वारस आणि प्रकाशक. चित्रपटातलं मोठं वय, कपडे, त्यात नव्याने घातलेले प्रसंग घेतले तर निर्माताही आला. एका कागदावर दोन रकाने आखा: मी काय वापरतोय, आणि ते कुणाचं आहे. पुस्तकाच्या सुरुवातीचं हक्कांचं पान आणि चित्रपटाची श्रेयनामावली यांतून निम्मी माहिती मिळते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद सापडली तर उत्तम. मात्र नोंद नाही म्हणून हक्क नाही असं समजू नका. आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही, कलाकृती तयार झाली की हक्क निर्माण होतो.

पायरी ३: मालकाने नियम छापले आहेत का ते बघा

अ‍ॅक्सनारचा खटला चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, कंपन्यांनी 'स्टार ट्रेक'च्या फॅनफिल्मसाठी दहा नियम जाहीर केले. ते पाळलेत तर आम्ही हरकत घेणार नाही, असा त्यांचा आशय. एका गोष्टीची लांबी पंधरा मिनिटांच्या आत. फार तर दोन भाग, मिळून तीस मिनिटांपेक्षा जास्त नाहीत, आणि पुढचे सीझन वगैरे काढायचे नाहीत. फिल्मच्या नावात 'स्टार ट्रेक' हे शब्द नकोत, पण उपशीर्षकात ही चाहत्यांची निर्मिती आहे असं लिहायलाच हवं. मूळ भागांतली दृश्यं कापून वापरायची नाहीत. बाजारातले गणवेश किंवा खेळणी वापरायची तर ती अधिकृत हवीत. सगळी मंडळी हौशी हवीत, कुणालाही मोबदला नाही, आणि 'स्टार ट्रेक'च्या कामात आधी असलेलं कुणीही नको. वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंतच. डीव्हीडी काढायची नाही, देणगीदारांना स्वतः छापलेले टी-शर्ट वाटायचे नाहीत. फिल्मची कॉपीराइट नोंदणीही करायची नाही.

नियम कडक होते आणि त्यांनी बरंच काही संपवलं. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' ही देखणी मालिका २०१७ मध्ये अकराव्या भागावर थांबली. जुन्या मालिकेतले नट चाहत्यांच्या फिल्ममध्ये पुन्हा दिसणं हा प्रेक्षकांचा केवढा आनंद होता, तोही गेला. माझ्या मते लांबीची मर्यादा अनावश्यक आहे. पैशावर मर्यादा घातल्यावर मिनिटं मोजायची गरज नव्हती. तरीही नवख्याला लिखित नियम फायद्याचेच, कारण कुठे उभं राहायचं ते कळतं.

काही मालकांनी दुसरी वाट धरली. 'स्टार वॉर्स'ची मालक असलेल्या लुकासफिल्मने २००२ पासून चाहत्यांच्या फिल्मसाठी अधिकृत स्पर्धाच घेतली. सुरुवातीला विडंबन आणि माहितीपटच चालत असत, २००७ पासून त्या विश्वातल्या स्वतंत्र कथाही चालू लागल्या. वॉर्नर ब्रदर्सने इटलीतल्या हौशी मंडळींची हॅरी पॉटरमधल्या व्होल्डेमॉर्टच्या तरुणपणावरची फिल्म लोकवर्गणीच्या टप्प्यावर थांबवली. मग बोलणी झाली, नफा कमवायचा नाही या अटीवर वाट मोकळी झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये फिल्म यूट्यूबवर मोफत आली.

आपल्याकडच्या निर्मात्यांनी असे नियम छापलेले मला तरी दिसलेले नाहीत. म्हणून इथे पत्र लिहून विचारणं हाच मार्ग उरतो. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पायरी ४: कल्पना आणि तिची मांडणी वेगवेगळी काढा

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलेलं तत्त्व आजही पाया मानलं जातं: कल्पना, विषय, कथाबीज यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. पाहणाऱ्याने दोन्ही कलाकृती पाहिल्या आणि "ही त्याचीच नक्कल" असं त्याला ठामपणे वाटलं, तर भंग.

म्हणजे जादू शिकवणारी शाळा कुणीही लिहू शकतं. पण गोल चष्मा, कपाळावर विजेच्या आकाराचा व्रण आणि जिन्याखालची खोली हे एकत्र आलं की तुम्ही दुसऱ्याच्या घरात आहात.

व्यक्तिरेखेचं काय? मुंबई उच्च न्यायालयात २०१६ मध्ये 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेवरून वाद आला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पुरेशी वेगळी, ठळक व्यक्तिरेखा संरक्षणाला पात्र ठरू शकते असं प्रथमदर्शनी मत नोंदवलं. नाव बदलून चेहरा, चष्मा आणि लकबी तशाच ठेवणं ही पळवाट नव्हे.

यासाठी पटकथा हाती आली की लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली घ्या. जे मूळ विश्वातून आलं ते लाल, जे तुमचं ते निळं. आमच्या एका मुलाने अशी पटकथा रंगवली तेव्हा बावीस पानांत निळं फक्त नायिकेच्या आजीचं पात्र निघालं. ती आजी इतकी जिवंत होती की त्याने बाकीचं सगळं सोडून तिच्यावरच फिल्म केली. तुमच्या कागदावर निळं किती आहे हे तुम्हाला स्वतःला कळणं, नोटिशीच्या भीतीपेक्षाही महत्त्वाचं आहे.

पायरी ५: 'फेअर यूज'च्या भरवशावर राहू नका

यूट्यूबवर व्हिडिओखाली इंग्रजीत चार ओळींचा मजकूर चिकटवला की संरक्षण मिळतं, हा गैरसमज फार खोल रुजला आहे. अमेरिकेतलं फेअर यूज हा कोर्टात मांडायचा बचाव आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती घेतलं, आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम, असे चार निकष लावून न्यायाधीश प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरवतात. अ‍ॅक्सनारमध्ये चारही विरुद्ध गेले.

भारतात तर फेअर यूज नाहीच. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ आहे आणि त्यात उचित वापराची ठरावीक कारणं आहेत: खासगी किंवा वैयक्तिक उपयोग, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. 'चाहता म्हणून केलं' हे कारण त्या यादीत नाही. विडंबनाचंही नाव नाही, पण तिथे थोडी आशा आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं, त्यातल्या पात्रांना आणि संवादांना उलटे प्रश्न विचारले. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांची बाजू घेतली, कारण मूळ कृतीवर टीका करणं हाच त्या नाटकाचा गाभा होता. तुमची फिल्म मूळ कृतीशी वाद घालत असेल तर तुमची बाजू बळकट. नुसती तिची पुढची गोष्ट सांगत असेल तर कमकुवत.

पायरी ६: पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा

मालक बहुतेक वेळा पैशापाशी जागा होतो. स्वतःच्या खिशातून, मित्रांकडून वस्तू मागून, घरच्यांच्या डब्यावर केलेल्या फिल्मकडे सहसा कुणी वळून बघत नाही. ख्रिस बुशार्ड या इंग्रज दिग्दर्शकाने २००९ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या विश्वावरची 'द हंट फॉर गॉलम' ही फॅनफिल्म सुमारे तीन हजार पौंडांत केली. नफा घेणार नाही हे हक्कधारकांशी आधीच बोलून घेतलं. फिल्म पंधरा वर्षं शांतपणे यूट्यूबवर राहिली.

म्हणून नियम असे ठेवा: जाहिराती बंद. तिकीट नाही. प्रायोजकाचं नाव पडद्यावर नाही. वर्गणी मागायचीच असेल तर रक्कम लहान, आणि ती फक्त या फिल्मच्या खर्चासाठी. अशा पैशातून कॅमेरा किंवा लाइट विकत घेऊ नका, भाड्याने आणा. चाहत्यांच्या वर्गणीतून तुमची कायमची मालमत्ता उभी राहिली की 'नफा नाही' हे वाक्य कुणाला पटणार नाही. प्रत्येक बिल ठेवा, चहाचंही. वर्गणी देणाऱ्याला आधीच लेखी सांगा की मालकाने हरकत घेतली तर फिल्म थांबेल आणि उरलेले पैसे परत मिळतील. अ‍ॅक्सनारच्या देणगीदारांचं जे झालं ते तुमच्या आत्या-मामांचं होऊ नये.

आणि तरीही मुभा जाऊ शकते, हे त्याच गॉलमच्या फिल्मने दाखवलं. मे २०२४ मध्ये वॉर्नरने त्याच नावाचा अधिकृत चित्रपट जाहीर केला आणि लगोलग जुनी फॅनफिल्म यूट्यूबवरून गायब झाली. चाहत्यांनी आवाज उठवल्यावर ती परत आली. पंधरा वर्षांत तिच्यातली एक चौकटही बदललेली नव्हती. बदलली होती ती मालकाची गरज.

पायरी ७: संगीत स्वतः करा

यूट्यूबवर मालकी सांगणारे दावे, म्हणजे क्लेम, सर्वांत जास्त इथूनच येतात. २०१८ च्या अखेरीस एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलने 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरवर फॅनफिल्म केली. स्वतःचे पैसे घातले, लुकासफिल्मशी आधी बोलणं केलं, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. इतकी काळजी घेऊनही जानेवारी २०१९ मध्ये वॉर्नर चॅपेल या संगीत कंपनीने क्लेम टाकला, कारण एका जागी व्हेडरच्या प्रसिद्ध धूनची छटा होती. लुकासफिल्मने मध्ये पडून तो क्लेम मागे घ्यायला लावला. तुमच्यासाठी असं मध्ये पडणारं कुणी असेलच असं नाही.

गाण्यात निदान दोन हक्क असतात: शब्द-चाल यांचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तीच चाल घरी पेटीवर वाजवून रेकॉर्ड केली तर दुसरा हक्क टळतो, पहिला शिल्लक राहतो. आमच्या गटाच्या नऊ मिनिटांच्या फिल्ममध्ये संगीत आमचंच होतं, पण रस्त्यावरच्या एका दृश्यात मागे उभ्या रिक्षातला रेडिओ चालू होता. गाणं जेमतेम दहा-बारा सेकंद, तेही संवादाखाली दबलेलं. अपलोड केल्यावर अर्ध्या तासात क्लेम हजर. शेवटी तो आख्खा संवाद पुन्हा डब करावा लागला. लोकेशनवर कान उघडे ठेवा.

पायरी ८: माणसाचा चेहरा आणि आवाज ही वेगळी मालकी आहे

पात्राचे हक्क कंपनीचे असले तरी नटाची ओळख नटाची. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, आवाज, छबी, अगदी त्यांची 'झकास' म्हणण्याची ढबसुद्धा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला अटकाव केला. जुन्या नटाचा चेहरा एआयने जिवंत करून फॅनफिल्ममध्ये घालण्याचा मोह आता सर्वांनाच होतो. तो टाळा. आपल्या नाट्यमंडळातल्या मुलाला घ्या, त्याचं भलं होईल.

पायरी ९: तुमची फिल्म तुमची राहील का, हेही तपासा

हा मुद्दा कुणी सांगत नाही. आपल्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, चित्रपटाचा भरीव भाग दुसऱ्याच्या हक्काचा भंग करणारा असेल तर त्या चित्रपटाला कॉपीराइटच मिळत नाही. तुमचं छायाचित्रण, तुमची मेहनत असली तरी ती फिल्म दुसऱ्या कुणी उचलली तर तुम्हाला हक्काने भांडायला जागा उरत नाही.

अमेरिकेत याचा एक प्रसिद्ध निकाल आहे. 'रॉकी ३' पाहून टिमोथी अँडरसन या लेखकाने १९८२ मध्ये चौथ्या भागाची ३१ पानी कथा लिहिली आणि निर्मात्यांपुढे ठेवली. पुढे 'रॉकी ४' आला तेव्हा आपली कथा वापरली असं म्हणत तो कोर्टात गेला. १९८९ मध्ये कोर्टाने सांगितलं की पात्रं 'रॉकी'चा लेखक-नट स्टॅलोनची, परवानगी न घेता त्यांच्यावर लिहिलेल्या कथेला संरक्षणच नाही. म्हणून तुमची सर्वांत चांगली कथाकल्पना फॅनफिल्ममध्ये खर्च करू नका. ती स्वतःच्या फिल्मसाठी राखून ठेवा.

पायरी १०: नोटीस आलीच तर

पहिल्या तासात काहीही डिलीट करू नका आणि फेसबुकवर काहीही लिहू नका. नोटिशीचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, सगळं जपून ठेवा. रागाच्या भरात "हो, केली हुबेहूब, काय करायचं ते करा" असं लिहिलेलं वाक्य उद्या कोर्टात तुमच्यापुढे ठेवलं जाईल.

मग बघा, नेमकं काय आलं आहे. यूट्यूबचा आपोआप लागणारा कंटेंट आयडी क्लेम असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा जाहिरातीचा पैसा मालकाकडे जातो किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. तो तुकडा कापा किंवा आवाज बदला. क्लेम चुकीचा वाटला तर हरकत घ्या. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात.

कॉपीराइट स्ट्राइक हा वेगळा आणि गंभीर प्रकार. मालकाने स्वतः मागणी करून व्हिडिओ उतरवलेला असतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. इथे 'काउंटर नोटीस', म्हणजे व्हिडिओ परत लावा अशी उलट नोटीस, पाठवायचा पर्याय दिसतो, आणि मुलं तो फॉर्म पाच मिनिटांत भरून मोकळी होतात. थांबा. त्यात तुमचं खरं नाव, पत्ता मालकाकडे जातो आणि भारतात राहूनही तुम्ही अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य करता. नंतर मालकाला दावा लावायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तुमची फिल्म खरोखरच टीका किंवा विडंबन आहे, आणि वकिलाने तसं सांगितलं आहे, तरच हा फॉर्म भरा.

वकिलाची नोटीस टपालाने आली तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, गप्प बसू नका. आपल्याकडे कलम ६२ मुळे मालकाला स्वतःच्या गावच्या कोर्टात दावा लावण्याची सोय आहे, म्हणजे सांगलीच्या मुलाला दिल्लीच्या फेऱ्या पडू शकतात. कलम ६३ तर फौजदारी आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर कारणं नोंदवून शिक्षा कमी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि नीट लिहिलेली हिशेबाची वही उपयोगी पडते ती इथे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं, हेही माहीत असू द्या.

बहुतेक प्रकरणं इथवर जात नाहीत. २०१५ मध्ये जोसेफ कान यांनी 'पॉवर रेंजर्स'वर चौदा मिनिटांची हिंसक फॅनफिल्म टाकली, मालकांनी ती उतरवली, आणि थोड्याच दिवसांत 'ही अधिकृत नाही, मुलांसाठी नाही' अशी स्पष्ट सूचना घालून ती परत आली. फोन उचलून नम्रपणे बोलणं अजूनही कामाला येतं.

पायरी ११: परवानगीचं पत्र, किंवा मोकळं मैदान

पत्र एक पानाचं असू द्या. तुम्ही कोण, कुठले, फिल्म किती मिनिटांची, कुठली पात्रं घेणार, नवीन काय, खर्च किती आणि कुणाचा, कुठे दाखवणार, जाहिराती नाहीत, मूळ लेखकाचं श्रेय पडद्यावर कसं येणार. पटकथेचा सारांश सोबत जोडा. शेवटी "आपण सांगाल तेव्हा फिल्म काढून घेऊ" हे वाक्य अवश्य लिहा. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार धरू नका. महिन्याने पुन्हा लिहा. मराठी लेखकांच्या घरच्या मंडळींना कॉलेजच्या मुलांचं असं पत्र आलं तर बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. दोनदा आम्हाला चहाला बोलावून होकार मिळाला.

नकार मिळाला तर जे मुक्त झालं आहे तिकडे वळा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. हरिभाऊ आपटे, गडकरी, नाथमाधव तर केव्हाच मोकळे. शेरलॉक होम्सही आपल्याकडे कधीचा मुक्त आहे, आणि अमेरिकेत त्याच्या शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला मुक्त झाल्या. घ्यायचं ते मात्र मूळ पुस्तकातून. त्यावरचे अलीकडचे चित्रपट, मालिका, गाणी, नव्या आवृत्तीतली चित्रं यांचे हक्क वेगळे चालू असतात.

बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार १ जानेवारी २०५७ ला मोकळा होईल, फास्टर फेणे १ जानेवारी २०६२ ला. तोवर थांबवत नसेल तर आज रात्री ते एक पानाचं पत्र लिहायला बसा.